बसवू नका, काम द्या: पॅरिशमध्ये नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

वसई-विरारला नाहीतर पुण्याला नवीन फ्लॅट घेतलाय, पॅरिश (आपल्या भागाचं कॅथलिक चर्च) नवीन, ओळखीचं कुणी नाही, आणि पहिल्याच रविवारी प्रवचन चालू असताना धाकटा बाकांखालून सरपटत तीन रांगा पुढे. आईला मेल्याहून मेल्यासारखं होतं, बाबा त्याला उचलून बाहेर नेतात आणि उरलेली मिस्सा (चर्चमधली उपासना) पार्किंगमध्ये ऐकतात. असे दोन-चार रविवार गेले की लोक आम्हा संडे स्कूलवाल्यांना गेटवर गाठतात, टीचर ह्याला एका जागी बसायला कसं शिकवायचं हो. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो कारण मी सांगते की बसवूच नका, त्याला काहीतरी काम द्या. पोराच्या हाताला काम असलं, तोंडाला येणारी दोन वाक्यं पाठ असली आणि डोळ्यासमोर वेदी दिसत असली की अर्धा प्रश्न सुटतो, उरलेला अर्धा वयाबरोबर सुटतो. तर ते कसं करायचं ते क्रमाने लिहिते, वसई-मुंबईकडच्या पॅरिशमध्ये जसं चालतं तसं, तुमच्याकडे थोडंफार वेगळं असेल तर ऑफिसात विचारून घ्या.

पायरी १: आधी पॅरिश ऑफिस

हे कंटाळवाणं आहे पण आधीच उरका. कुटुंबाची नोंद करा, फॅमिली कार्ड असेल तर ते घ्या, आणि मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले शोधा. दाखला ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथलाच मिळतो, नवीन पॅरिश तो देऊ शकत नाही, कारण मूळ रजिस्टर तिथे असतं आणि पुढे दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न ह्यांच्या नोंदीसुद्धा त्याच रजिस्टरमध्ये त्याच नावापुढे होतात. म्हणजे नाशिकला बाप्तिस्मा झाला असेल तर नाशिकला फोन. प्रथम कम्युनियनच्या (मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, पहिल्यांदा घेण्याच्या) वर्षी हा कागद लागतोच, आणि दरवर्षी पाच-सहा पालक शेवटच्या आठवड्यात धावपळ करत असतात.

ऑफिसात तीन गोष्टी विचारा. मुलांची मिस्सा कितीची आणि कुठल्या भाषेत, संडे स्कूल कधी असतं (आमच्याकडे शाळेबरोबर जूनमध्ये सुरू होतं, पण मध्येच आलेल्या मुलाला कुणी परत पाठवत नाही), आणि तुमची बिल्डिंग कुठल्या झोनमध्ये किंवा कम्युनिटीमध्ये येते. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात, आणि खरं तर पोरांसाठी तीच सगळ्यात कामाची, कारण झोनची प्रार्थना कुणाच्या तरी हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसांत होते, तिथे चार वर्षांचं पोरगंसुद्धा मोठ्याने 'आमेन' म्हणू शकतं आणि सगळे कौतुकाने बघतात.

आईबाबांपैकी एकजण ख्रिस्ती नसेल तरी काही अडत नाही. मिस्साला बसा, गाणी म्हणा, उभं राहा, फक्त कम्युनियन घ्यायचं नाही एवढंच. मुलांना ह्याबद्दल घरीच सरळ सांगून ठेवा, नाहीतर रांगेत मोठ्याने प्रश्न येतो की पप्पा का नाही घेत.

पायरी २: घरी पाच मिनिटं

चर्चमध्ये जे करायचं ते पोराने घरी आधी केलेलं हवं. सुरुवात क्रूसाच्या खुणेपासून. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, आणि तोंडाने पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. इथे एक गंमत होते, तुम्ही पोराच्या समोर बसून शिकवलंत की ते आरशासारखं उलटं शिकतं, डाव्या हाताने किंवा आधी उजव्या खांद्यावर. त्यामुळे शेजारी बसा नाहीतर त्याला मांडीवर घेऊन त्याचाच उजवा हात धरून करा. मग हळूहळू 'आमच्या बापा', 'नमो मरिया', आणि 'पित्याला, पुत्राला' एवढ्या तीनच प्रार्थना. एका वेळेला एक. पहिली घडाघडा पाठ झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

भाषेचा घोळ मोठा आहे. पोरगं इंग्लिश मीडियममध्ये, आजी मराठीत प्रार्थना म्हणणार, नाहीतर घरी सामवेदी बोली किंवा कोकणी, आणि पॅरिशमध्ये दोन्ही भाषांत मिस्सा. माझं मत असं की ज्या भाषेतल्या मिस्साला तुम्ही नेहमी जाता त्या भाषेत आधी पाठ करा, कारण चारशे लोकांबरोबर तोंड हलवता आलं की पोराला आपण ह्यातलेच आहोत असं वाटतं. पण आजी घरात असेल तर तिची मराठी प्रार्थना मोडू नका. झोपताना आजीच्या कुशीत जे पाठ होतं ते कुठल्याच पुस्तकातून होत नाही. प्रार्थनेची मराठी जरा पुस्तकी असते हे खरंय, शब्द अडले की थांबून सांगा, पण दर ओळीला लेक्चर नको.

जागा ठरवा. एक छोटं टेबल नाहीतर भिंतीवरचं फळकूट, क्रूस, मरिया माउलीची लहान मूर्ती किंवा फोटो, एक मेणबत्ती. मेणबत्ती पेटवायचं काम मोठ्याचं, विझवायचं धाकट्याचं, आणि फुलं आणायचं ज्याला हवं त्याचं. पाठ प्रार्थना झाली की पोराला स्वतःच्या शब्दात बोलू द्या, आज कशाबद्दल थँक्यू, कशाबद्दल सॉरी, काय हवंय. हरवलेला पेन्सिल बॉक्स, आजारी मांजर, शेजारच्या अंकलचं ऑपरेशन, सगळं चालतं. हसू नका. एकदा हसलात की पुढच्या वेळी पोरगं तुम्हाला आवडेल अशी प्रार्थना करायला लागतं.

पायरी ३: रविवारची मिस्सा

पहिलं म्हणजे पुढे बसा. सगळे नवीन पालक मागच्या दाराजवळ बसतात, पळता यावं म्हणून, आणि मग पोराला समोर दिसतात फक्त मोठ्या माणसांच्या पाठी, कंटाळेल नाहीतर काय करेल. पुढच्या दोन-तीन बाकांत कडेला बसा, तिथून वेदी दिसते, फादर काय करतायत ते दिसतं, कोइरवाल्यांची गिटार दिसते, आणि कडेला असल्याने बाहेर जायलाही सोपं. बऱ्याच गावांत वेदीसमोर सतरंजी टाकून मुलांना बसवतात, तशी सोय असेल तर पाच-सहा वर्षांच्या पुढचं पोरगं तिकडे सोडा आणि तुम्ही त्याच्या मागच्या बाकावर.

मोठ्या आवाजाचा, गर्दीचा ज्याला त्रास होतो असं मूल असेल, ऑटिझम वगैरे, तर मात्र हा नियम उलटा. स्पीकरपासून लांब, दाराजवळ, कमी गर्दीची सकाळची मिस्सा, आणि फादरना आधी सांगून ठेवा.

आठवड्यात एखाद्या संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये पोराला फिरवून आणा. ही वेदी, इथून वाचन करतात, हा लाल दिवा कायम पेटलेला असतो कारण त्या पेटीत ख्रिस्तशरीर ठेवलेलं असतं, ही बाप्तिस्म्याची जागा, आणि भिंतीवर हे क्रूसाच्या वाटेचे (येशू क्रूस घेऊन चालला त्या वाटेचे) चौदा थांबे. गुडघा कसा टेकवायचा तेही तिथेच शिकवा, कुणी बघत नसताना. रविवारी तेच पोरगं तुम्हाला दिवा दाखवतं.

मग मिस्सामध्ये शरीराने करायच्या गोष्टी सांगा, पोरांना त्या आधी कळतात, अर्थ मागून येतो. उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं कधी ते. शुभवर्तमान (बायबलमधली येशूची गोष्ट) वाचण्याआधी अंगठ्याने तीन बारीक क्रूस काढतात, एक कपाळावर, एक ओठांवर, एक छातीवर, म्हणजे देवाचा शब्द माझ्या डोक्यात, तोंडात आणि मनात राहो. हे पोरांना भयंकर आवडतं. सहा-सात वर्षांची पोरं जीभ बाहेर काढून, एकाग्र होऊन, रांगोळी काढावी तसा तो क्रूस काढतात आणि बऱ्याचदा नाकावर एक जास्तीचा पडतो. पडू दे. पुढे भाकर आणि प्याला उंच धरतात तेव्हा घंटा वाजते, तेव्हा वर बघायचं असं सांगून ठेवा, पोरं घंटेची वाट बघत बसतात आणि नेमकी तीच वेळ मिस्सामधली सगळ्यात महत्त्वाची असते. शांतीचा नमस्कार आपल्याकडे हात जोडून करतात, १९६९ साली भारतासाठी जे बारा बदल रोमने मान्य केले त्यातला तो एक, आरती, जमिनीवर मांडी घालून बसणं हेसुद्धा त्यातलंच. मराठी मिस्सामध्ये सणाला आरती असेल तर फुलं घेऊन जायला दोन-चार मुली-मुलगे लागतातच, आधी जाऊन सिस्टरना नाव देऊन ठेवा.

आता कामं. तीन ते पाच वर्षांच्या पोराच्या हातात दानाचं नाणं द्या, त्याच्या हातात, तुमच्या नाही, आणि पेटीत त्यालाच टाकू द्या. थोडं मोठं झालं की गाण्यांची पुस्तकं वाटणं, अर्पणाच्या मिरवणुकीत फळं-फुलं घेऊन चालणं. नऊ-दहाच्या पुढे वाचन, विनंत्या, कोइर. विनंती वाचायला दिली तर ती पोरालाच लिहू द्या, एका वाक्याची, आणि टीचरला दाखवा. मोठ्यांनी लिहिलेल्या विनंत्यांत 'जागतिक शांततेसाठी' सोडून काही नसतं, मुलं लिहितात आमच्या शाळेच्या रिक्षावाल्या काकांचा पाय बरा होऊ दे, आणि अख्खं चर्च खरोखर प्रार्थना करतं. वाचनाचं मात्र जरा कडक ठेवा. शनिवारी घरी मोठ्याने तीनदा, रविवारी पंधरा मिनिटं आधी येऊन माइकवर एकदा, माइक तोंडापासून वीतभर लांब, आणि नावं आधी विचारून, कारण थेस्सलनीकाकरांस (बायबलमधलं एक पत्र) वाचताना भलेभले अडखळतात.

पेपर, रंगीत खडू, बिस्किटाचा पुडा ह्यांबद्दल नेहमी वाद होतो. तीन वर्षांखालच्याला एखादं चित्रांचं बायबल चालेल, खाणं शक्यतो नको, मोबाइल अजिबात नको. एकदा मोबाइल दिलात की पुढच्या रविवारी तो मागितला जातो आणि मिस्सा संपते. रडायला लागलं तर दोन मिनिटं बाहेर नेऊन परत आणा, बाहेर खेळायला सोडू नका, नाहीतर रडलं की बाग मिळते हे पोरगं लगेच शिकतं. मागे वळून बघणाऱ्या मावश्यांकडे लक्ष देऊ नका, त्यांचीही पोरं अशीच होती.

कम्युनियनच्या वेळेला लहान मुलांना बरोबर घेऊन रांगेत जा. बऱ्याच ठिकाणी प्रथम कम्युनियन न झालेली मुलं हात छातीवर आडवे धरून जातात आणि फादर कपाळावर आशीर्वाद देतात. ज्यांचं झालंय त्यांनी तासभर आधीपासून काही खायचं नसतं, पाणी आणि औषध चालतं. सकाळी आठच्या मिस्साआधी भूक लागते म्हणून लोक पोरांना घाईघाईने साडेसातला नाष्टा देतात, त्यापेक्षा सहा-साडेसहाला दूध-केळं द्या.

तुमच्या पॅरिशमध्ये मुलांची वेगळी मिस्सा असेल तर महिनाभर तरी तिलाच जा. रोमने १९७३ मध्ये मुलांच्या मिस्सासाठी खास सूचना काढल्या, त्यात वाचनं कमी करायला, सोपी करायला मुभा आहे, आणि प्रवचन मुलांना समजेल असं द्यायला फादरना जमत नसेल तर त्यांच्या परवानगीने दुसऱ्या मोठ्या माणसानेही मुलांशी बोलायला. फादर प्रश्न विचारत खाली येतात तेव्हा घरी गप्प असलेली पोरं हात वर करतात.

पायरी ४: रोझरी, पण सगळी एकदम नाही

ऑक्टोबर आला की झोनमध्ये रोज एकेका घरी रोझरी (मण्यांवर म्हणायची जपमाळेची प्रार्थना) असते, माउलीची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी जाते, गोव्यात सायबीण जाते तसं. नवीन माणसाला ओळखी करून घ्यायला ह्याच्यासारखी संधी नाही, आपल्या घरी एक दिवस मागून घ्या. पण पोरांच्या बाजूने बघा, पाच दशकं म्हणजे पन्नास नमो मरिया, वर लितानी (मरियेच्या नावांची लांब प्रार्थना), वर गाणी, वर कुणीतरी काकांची लांब विनंती. सात वर्षांच्या पोराला हे जड जाणारच.

फातिमाची गोष्ट इथे कामी येते. १९१७ साली पोर्तुगालमध्ये ज्या तीन मेंढपाळ मुलांना माउलीने दर्शन दिलं ती त्याआधी जेवण झाल्यावर खेळायची घाई असायची म्हणून रोझरीत शॉर्टकट मारायची, नमो मरिया, नमो मरिया, एवढेच दोन शब्द म्हणत मणी सरकवायचे आणि झाली प्रार्थना. ल्युसियाने स्वतःच हे लिहून ठेवलंय. त्यातले फ्रान्सिस्को आणि जसिंता २०१७ मध्ये संत झाले. ही गोष्ट सांगितली की पोरं खो-खो हसतात आणि मग त्यांच्या लक्षात येतं की संतपण आपल्यासारख्यांनाही जमतं.

तर घरी एकच दशक करा. एक आमच्या बापा, दहा नमो मरिया, एक गौरव (म्हणजे 'पित्याला, पुत्राला'), पाच मिनिटांत होतं. दहा मणी घरातल्या माणसांत वाटून टाका, प्रत्येकाचे दोन-तीन, म्हणजे आपली पाळी येतेय म्हणून पोरगं मोजत राहतं. धाकट्याला फक्त शेवटचा मणी द्या. कुठली रहस्यं (येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग) कुठल्या दिवशी हा तक्ता भिंतीवर लावा: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची, जी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २००२ मध्ये नवी घातली. त्या-त्या रहस्याचं एक चित्र समोर ठेवलं आणि त्यात काय दिसतंय एवढं विचारलं तरी पुरे. गोठ्यात किती जनावरं आहेत ह्यावरून सुरू झालेलं बोलणं बरंच लांब जातं.

झोनच्या रोझरीला पोराला दुसरं किंवा तिसरं दशक चालवायला द्या, पहिलं नाही, पहिल्याला घाबरतात, आणि पाचवं नको कारण तोवर झोपलेली असतात. शेजारी बसून बोटाने मणी दाखवा. चुकलं, अकरा झाले, काही बिघडत नाही, कुणीतरी आजी मोठ्याने 'गौरव' सुरू करून सांभाळून घेतेच. आणि नंतर चहा-बिस्किटं, उकडलेले चणे असतात, पोरं त्यासाठी येतात असं नाक मुरडून म्हणणारे लोक आहेत, मी म्हणते येऊ द्या की.

१८ ऑक्टोबर लक्षात ठेवा. त्या दिवशी जगभर मुलं एकत्र रोझरी म्हणतात, 'दहा लाख मुलं रोझरी म्हणतात' नावाचा उपक्रम आहे, २००५ मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकासमध्ये सुरू झाला. शाळेच्या वर्गात, बिल्डिंगच्या टेरेसवर, कुठेही पाच-सहा पोरं जमवून करता येतो, परवानगी वगैरे काही लागत नाही.

पायरी ५: क्रूसाची वाट आणि उपवासाचे दिवस

राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात) दर शुक्रवारी क्रूसाची वाट असते. मोठ्यांची तासभर चालते, मुलांसाठी वेगळी असेल तर तिला जा, नसेल तर घरी किंवा रिकाम्या चर्चमध्ये चौदा थांब्यांपैकी चार-पाचच घ्या. वेरोनिका रुमालाने तोंड पुसते, सिमोन क्रूस उचलायला मदत करतो, आई भेटते, हे तीन थांबे मुलांना लगेच कळतात कारण तिथे कुणीतरी मदत करतंय. प्रत्येक थांब्यावर एक वाक्य, एक गुडघा, पुढे. रक्त, खिळे ह्यांचं वर्णन लहानांपुढे फार वाढवू नका, रात्री झोपत नाहीत मग. आणि जमलं तर पुनरुत्थानाची गोष्टही त्याच दिवशी सांगून टाका, लहान पोराला ईस्टरपर्यंत थांबवत ठेवू नका.

उपवासाबद्दल बऱ्याच आयांना शंका असते. नियम असा की मांस वर्ज्य करणं चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर बंधनकारक, आणि एकवेळ जेवणाचा उपवास अठरा पूर्ण ते साठाव्या वर्षाची सुरुवात एवढ्यांनाच. म्हणजे आठ वर्षांच्या पोराला उपाशी ठेवायची काही गरज नाही. त्याला त्याचं स्वतःचं काहीतरी सोडू दे, शुक्रवारची कॅडबरी, अर्धा तास कार्टून, आणि ते पैसे डब्यात. तो डबा कुणाला द्यायचा तेही त्यालाच ठरवू दे.

झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आदल्या दिवशी पोराला आजोबांकडे बसवा. माडाच्या कोवळ्या पातीचा क्रूस कसा विणतात, पात कुठे दुमडायची, टोक कुठून ओढून घ्यायचं, हे व्हिडिओवर बघून येत नाही, हातात हात घेऊन येतं. ते क्रूस वर्षभर घरात क्रूसामागे खोचून ठेवतात, आणि पुढच्या वर्षी चर्चमध्ये जमा करून जाळतात, त्याचीच राख कपाळाला लागते. हे पोराला कळलं की राखेच्या बुधवारी ते विचारतं, ह्यात माझा पण आहे का.

पायरी ६: नोव्हेना, सण, गोठा

ह्यावर थोडक्यात. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, पोरांना रोजच्या रोज नेलंच पाहिजे असं नाही, घरी एक ओळ म्हणा आणि एक दिवस न्या. माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला पोरांना घेऊन जायचं असेल तर दुपारी जा, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावरची गर्दी लहानांना झेपत नाही. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस, मुंबईत मंगळुरी आणि गोवेकर कुटुंबं जास्त असलेल्या पॅरिशमध्ये आधीचे नऊ दिवस मुलं टोपलीत फुलं आणून बाल-मरियेला वाहतात, तिथे तुमची पोरं फुलं घेऊन गेली तर कुणी कुठले म्हणून विचारत नाही. १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गारोहणाची मिस्सा आणि मग अंगणात झेंडावंदन, त्यामुळे तो दिवस पोरांना आपोआप पाठ असतो. फेब्रुवारीत वसईकर असाल तर संत गोन्सालो गार्सिया ह्यांची गोष्ट जरूर सांगा, वसईत जन्मलेला मुलगा, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमधल्या नागासाकीला क्रूसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. आपल्या गावचा संत आहे म्हटलं की पोरांचे कान टवकारतात, किल्ल्यात घेऊन जा, त्यांच्या नावाचं पडकं चर्च दाखवा.

नाताळच्या गोठ्याला मात्र वेळ द्या. डिसेंबरच्या मध्यावर थाळीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरा, आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवं उगवतं, तेच गोठ्याभोवतीचं शेत. रोज पाणी घालायचं काम पोराचं. आणि एक जुनी पद्धत, गव्हाणी रिकामी ठेवायची, दिवसभरात काही चांगलं केलं की त्यात एक काडी टाकायची, बाळ येईपर्यंत बिछाना मऊ झाला पाहिजे. काडी कशाबद्दल ते मोठ्यांनी विचारायचं नाही हं, नाहीतर पोरं स्पर्धा लावतात आणि चोरून काड्या टाकतात.

पायरी ७: वेदीसेवक आणि इतर गट

प्रथम कम्युनियन झालं की वेदीसेवक होता येतं. मुलींनाही, रोमने १९९४ मध्ये मोकळीक दिली, निर्णय त्या-त्या बिशपांचा. कामं म्हणजे मेणबत्त्या, घंटा, पाणी-द्राक्षारस पुढे करणं, फादरच्या हातावर पाणी घालणं, आणि मोठं झालं की धूपदाणी. झगा चर्चमध्ये मिळतो, खाली बूट-चप्पल साधी घालायची. नवीन मुलाला पहिला महिना फक्त मेणबत्ती धरून उभं करतात आणि काही आईबाप त्यावरूनही ग्रुपवर मेसेज टाकतात की माझ्या मुलाला घंटा का नाही. नका टाकू. उलट रोजच्या सकाळच्या मिस्साला पाठवा, तिथे सेवक कमी असतात आणि घंटा लवकर हातात येते.

होली चाइल्डहूड हाही एक गट बघा. फ्रान्समधल्या नॅन्सीच्या बिशपांनी १८४३ मध्ये सुरू केला, रोज एक नमो मरिया आणि महिन्याला एक नाणं, मुलांनी मुलांना मदत करायची. आजही साधारण तसंच चालतं.

प्रथम कम्युनियनबद्दल

सात वर्षांपासून समज येते असं चर्च धरतं, १९१० मध्ये पोप दहावे पायस ह्यांनी लहान वयात कम्युनियन द्यायला सांगितलं, आपल्याकडे बहुतेक पॅरिशमध्ये आठ-नऊच्या सुमाराला होतं. आधी पहिलं कन्फेशन (फादरसमोर चुकांची कबुली). त्याची पोरं खूप धास्ती घेतात, त्यामुळे घरी सांगा की फादर रागावत नाहीत, कुणाला सांगतही नाहीत, मम्मीलाही नाही, आणि मग बाहेर आल्यावर काय सांगितलंस म्हणून चुकूनही विचारू नका. यादी करून दिली तर चालते, पण यादी पोराची, तुमची नाही. भावाला मारलं हे त्याला आठवत असेल तर तेच पुरे.

कपड्यांवर, हॉलवर, डीजेवर जे पैसे जातात त्याबद्दल मी काही बोलले तर भांडण होईल, एवढंच सांगते की पांढरा शर्ट-पॅन्ट आणि साधा पांढरा फ्रॉक चालतो, बऱ्याच फादरांना तोच हवा असतो. आणि त्याच्या पुढच्या रविवारी मिस्साला या. दुसऱ्या कम्युनियनला अर्धी रांग गायब असते हो.

सुरक्षेचं

हे सगळ्या पालकांनी वाचा. मुलांचा कुठलाही कार्यक्रम, प्रॅक्टिस, पिकनिक असेल तर दोन मोठी माणसं हवीत, एकट्या माणसाबरोबर एकटं मूल नको, साक्रिस्टीचं (फादर तयार होतात त्या खोलीचं) दार उघडं, कन्फेशन दिसेल अशा जागी. हे विचारण्यात संकोच कसला, चांगली पॅरिश स्वतःहून सांगते. मुलांचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यांच्या आईबापाला विचारायचं. आणि पोरगं म्हणालं की मला अमक्याकडे जायचं नाही, तर जबरदस्ती न करता आधी का ते शांतपणे ऐकून घ्या.

मोठ्या मुलांचं एक राहिलं. दृढीकरणानंतर पोरं गायब होतात ही तक्रार सगळीकडे आहे. चौदा-पंधराच्या पोराला मम्मीच्या शेजारी बसून मिस्सा ऐकायला लाज वाटते, बसू दे मित्रांबरोबर. त्याला साउंड सिस्टिमवर बसवा, गाण्यांच्या ओळी स्क्रीनवर सरकवायला द्या, लहानांच्या क्रूसाच्या वाटेत सिमोन करा. कार्लो अक्युटिसचं नाव सांगा, इटलीचा मुलगा, कॉम्प्युटरवेडा, युखरिस्ताच्या (ख्रिस्तशरीराच्या) चमत्कारांची वेबसाइट बनवली, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ ला संत जाहीर झाला, जीन्स आणि स्पोर्ट शूज घातलेला संत, त्यांच्या वयाचा. आणि मग संडे स्कूलला मदतनीस म्हणून पाठवा आमच्याकडे. पहिलीच्या वर्गात तीस पोरं असतात आणि टीचर एक, दोन हात कुणाचेही चालतील.